भेटायला आलेल्यांच्या गोळ्या

"कुठं उतरणार, बाई?" आईनं असं विचारलं तेव्हा दामिनीला आधी हसूच फुटलं. लोहा नुकतंच मागं पडलं होतं, लातूर-नांदेड गाडी खच्चून भरलेली, आणि गर्दीतून वाट काढत, तिकिटाचं यंत्र पोटाशी धरून आई तिच्या बाकाशी येऊन उभी राहिली होती. आईची ही थट्टा जुनी. दामिनी लहान असताना सुट्टीच्या दिवशी आईच्याच गाडीत बसून फिरायची, तेव्हा आई खाकी डगला घालून समोर यायची, डोळे वटारायची, "ए पोरी, तिकीट कुठाय?" आणि दामिनी मूठ उघडून चिंचोका दाखवायची. त्या चिंचोक्यावर आख्खी गाडी हसायची. म्हणून आजही तिनं मान ताठ केली, आठवडाभर घोकलेल्या भाषणाच्या आवाजात सांगितलं, "नांदेड! विभागीय वक्तृत्व स्पर्धा! ढाल घेऊनच परत!" शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. आई हसली नाही. बोट यंत्राच्या बटणावर तसंच, आणि हे नाव जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा करून तिनं विचारलं, "नांदेड कुठं आलं?"

खिडकीतून श्रावणातलं धुतलेलं ऊन आत आलं होतं, ते नेमकं आईच्या डोळ्यांवर पडलं. डोळे पिवळे होते. थोडेथोडके नव्हे, हळदीच्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखे. दामिनीला पुढं फार दिवस याचं नवल वाटत राहिलं, की त्या क्षणी आपल्याला भीती वाटली नाही, लाज वाटली. गाडीतले सगळे आपल्या आईकडं बघतायत, आणि आपल्या आईला नांदेड माहीत नाही. जिनं या रस्त्यावर अकरा पावसाळे काढले, जी डोळे मिटून नुसत्या गचक्यावरून सांगायची की माळाकोळी आलं, तिला. मग लाज एकदम गळून पडली, पायातली चप्पल निसटावी तशी, आणि तिच्या खाली जे होतं ते इतकं गार होतं की दामिनी उभीच राहिली. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणताना जिचा घसा सुकायचा, ती दामिनी भर गाडीत ओरडली, "ताहेरचाचा! स्टँडवर नका घेऊ! दवाखान्यात घ्या गाडी, आईला काहीतरी झालंय!" एवढा मोठा आवाज आपल्यात कुठं होता? भाषणाच्या सरावात नव्हता. तो जणू तिच्यामागं कुणीतरी उभं राहून काढला.

ताहेरचाचांनी आरशात एकदा पाहिलं आणि काही न विचारता गाडी पळवली. आईबरोबर ते सहा वर्षं याच फेरीवर होते. इतरांची ती शिवकांताबाई, ते मात्र तिला बाईसाहेब म्हणायचे, हे मुळात तिला चिडवायला सुरू झालेलं आणि मग सवयीचं झालेलं. मागून कुणीतरी कुरकुरलं, "ओ ड्रायव्हर, माझी कोर्टात तारीख हाय की!" तर त्या शेजारच्या म्हातारीनं वळून फटकारलं, "तारीख कुटं पळून चाललीय का? पुन्यांदा मिळती. बाई कुटून मिळंल?" आणि पुढं नांदेडात गाडी दवाखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी अडकली तेव्हा आईला उचलायला पहिला तोच खाली उतरला. लाल एसटी गल्लीच्या तोंडात बूच बसवल्यासारखी उभी, मागं रिक्षांचे भोंगे, आणि कंडक्टरला हातांवर उचलून नेणारे तिचेच प्रवासी. दामिनी मागून पळत होती. तिच्या हातात आईची कातडी पिशवी होती आणि डोक्यात, कसं कोण जाणे, स्वतःच्या भाषणाचं पहिलंच वाक्य गोल गोल फिरत होतं, "सन्माननीय व्यासपीठ, सन्माननीय व्यासपीठ."

आत जे झालं ते तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. फिनेलचा वास. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा, जो एका जागी थरथरायचा आणि मग उडी मारायचा. आई खाटेवर, "बेल मार, बेल मार," असं पुटपुटणारी. आणि डॉक्टर सुमय्या. त्या आल्या तेव्हा त्या डॉक्टर आहेत हेच दामिनीला कळलं नाही, कारण त्या उभ्या राहिल्याच नाहीत. इतर सगळे खाटेभोवती उभे राहून बोलत होते, त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, डोक्याचा राखाडी स्कार्फ मागं सारला आणि आईच्या अंगावरचा खाकी डगला बघून म्हणाल्या, "ताई, हात पुढं धरा बरं. गाडी थांबवताना धरतात ना, तसे. हाव, अस्सेच." आईनं दोन्ही तळहात पुढं केले. आणि ते थांबेनात. मनगटातून पंजे खाली पडायचे, वर यायचे, पुन्हा पडायचे, दमलेल्या पाखरानं पंख मारावेत तसे. डॉक्टरांचा चेहरा काही बदलला नाही, पण त्यांनी ते दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि हळूच खाली ठेवले. मग विचारलं, "लातूरहून गाडी सुटली. पुढचा थांबा?" आई म्हणाली, "आष्टामोड." "मग?" "चाकूर." "मग?" "मग... मग सोनखेड." चापोली, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, एवढी मोठी मोठी गावं आईच्या डोक्यातून पुसली गेली होती, आणि कुणाला काही आवाजसुद्धा आला नव्हता. नंतर कळलं की डॉक्टर देगलूरच्या. शिकायला लातूरला होत्या आणि दर सुट्टीत याच गाडीनं यायच्या-जायच्या. कुणाला त्या पाढे विचारत, कुणाला आजचा वार. कंडक्टरला त्यांनी कंडक्टरचं विचारलं. असं कुणाला सुचतं? दामिनीला वाटलं, आपल्या शाळेतल्या सगळ्या परीक्षा अशा माणसानं काढायला हव्यात.

नर्स आईच्या अंगावरचं सोनंनाणं उतरवत होती, बांगड्या, जोडवी, आणि तिचा हात गळ्यातल्या चांदीच्या करंड्याकडं गेला. आई तोपर्यंत कुणाचं ऐकत नव्हती, पण तो हात आला तशी तिनं करंडा मुठीत आवळून धरला, इतका की पिवळ्या बोटांची पेरं पांढरी झाली. आत इष्टलिंग होतं. लिंगायतांत ते देहावेगळं करायचं नसतं. दामिनी सांगायला पुढं झाली, तेवढ्यात डॉक्टरच म्हणाल्या, "सिस्टर, ऱ्हाऊ द्या ते. सलाईन डाव्या हाताला आहे ना? मग उजव्या दंडाला बांधा. आमच्या शेजारच्या गौरम्मा आजी पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा तसंच बांधून आत गेल्या होत्या." आणि स्वतःच दोरा सोडून त्यांनी तो दंडाला बांधला, गाठ मारून, गाठीवर एक चापट मारून. आईची मूठ सैल झाली. दामिनीला तिथं पहिल्यांदा रडू आलं.

पप्पा लातूरहून दुपारपर्यंत येऊन पोचले. ते डाळ मिलमध्ये कामाला. घाईत तसेच निघालेले, केसांत, भुवयांत तुरीचा पिवळसर भुगा. रक्ताचा अहवाल तोवर आला होता. लिव्हरचे आकडे शेकड्यात नव्हते, हजारांत होते. डॉक्टर म्हणाल्या, "साधी कावीळ अशी नसते. काही गोळ्या घेत होत्या का?" पप्पा लगेच म्हणाले, "चिकुनगुन्या झाला होता मॅडम, पंधरा दिवस झाले. सांधे लई धरलेत. डॉक्टरनी दुखण्याची गोळी दिलेली, सकाळी एक, संध्याकाळी एक. तेवढीच. माझ्यासमोर घेती." "तेवढीच?" "देवाशप्पथ." पप्पा खोटं बोलत नव्हते. घरात आई तेवढ्याच घ्यायची. दुसऱ्या कुणी पुन्हा तेच विचारलं असतं, आवाज चढवून, किती घेतल्या, नक्की किती. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी स्टूल दामिनीकडं वळवलं आणि विचारलं, "आई दुखण्यात होती तर भेटायला कोण कोण येऊन गेलं?"

आणि दामिनीच्या डोळ्यांपुढं तो सगळा पंधरवडा एखाद्या जत्रेसारखा उभा राहिला. किती माणसं! आईला कोण भेटलं नव्हतं! मनगटं सुजलेली, यंत्राचं बटण दाबताना ओठ चावणारी, तरी रजा न घेता आई गाडीवर जातच होती, कारण गाडीवर तिला माणसं भेटायची. रात्री झोपताना ती दामिनीला एकेकाचं सांगायची. आणि आपल्याकडं आजाऱ्याला भेटायचं म्हणजे हात हलवत कोण भेटतं? चापोलीचे गुरुजी रोज सकाळी चढायचे, ते म्हणाले, "बाई, ही गुलाबी घ्या, माझी पाठ हिच्यावरच चालती." शेजारच्या साखराबाई अंबाड्यात खोचून आणल्यासारखी कुठूनशी पुडी काढायच्या, "शिवकांता, आमच्या सुनंला हिनंच गुण आला, घे माझ्यासमोर." माळाकोळीचा दूधवाला, डेपोतल्या मैत्रिणी, फुलांच्या टोपल्या घेऊन येणारी बाई, हिची सर्दीची कॅप्सूल, त्याची पाण्यात फसफसणारी, आणखी कुणाची अंगदुखीची. आणि आई? आईला नाही म्हणता येत नसे. दारी आलेल्यानं गूळ दिला तर जिभेवर ठेवावा, तशी ती दिलेली गोळी घ्यायची. देणाऱ्यासमोर, पाणी पिऊन, "लई बरं वाटलं बघा" म्हणून. ते ऐकून देणारा दिवसभर खुशीत असायचा. दामिनी सांगत गेली. सांगताना तिला एकेक चेहरा दिसत होता, आणि प्रत्येक चेहरा मायेनं ओसंडत होता, आणि तिला कळत होतं की आपण काहीतरी भयंकर सांगतोय. ताहेरचाचा दाराशी उभे होते. त्यांनी पुढं येऊन आईची कातडी पिशवी उघडली आणि चिल्लरीच्या कप्प्यातून कातरलेल्या पाकिटांचे चांदीसारखे तुकडे, उरलेल्या गोळ्या, सगळं टेबलावर पालथं केलं. गुलाबी, पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या टोपीच्या. डॉक्टरांनी एकेक तुकडा उजेडाकडं धरून वाचला. मग त्यांनी सगळ्या गोळ्या बोटानं एका जागी लोटल्या. "रंग येगळे, नावं येगळी," त्या हळू म्हणाल्या, "आत एकच औषध आहे. तापाचं, दुखण्याचं, साधं पॅरासिटामॉल. प्रत्येकानं एकच दिली. ताईंच्या पोटात त्या साठल्या सगळ्यांच्या." आणि एकदम वळून, "जेवत काय होत्या?" "श्रावण आहे ना," दामिनी म्हणाली, "महिनाभर एकच वेळ." डॉक्टरांनी डोळे मिटून उघडले. उपाशी पोटी लिव्हरजवळ हे विष निवळायचं सामानच कमी असतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा त्या फक्त उठल्या. पहिल्यांदाच उठल्या.

पुढचे ते दवाखान्याचे पांढरे तास. औषधाची कुपी फोडली तसा खोलीभर कुजक्या अंड्यांचा वास पसरला. पप्पांनी नाक धरलं, आणि डॉक्टर हसल्या, "वास घाण आहे, माणूस चांगला आहे. लिव्हरला जे सामान कमी पडलंय ते हे पुरवतं. उशीर झालाय, तरी द्यायचं. आत्ता, लगेच." दामिनीला त्या वासाची किळस यायला हवी होती. पण तिनं तो छाती भरून घेतला. तिला वाटलं, आईच्या आत काळोखात कुठंतरी एक थकलेला कारखाना आहे, पट्टे तुटलेले, कामगार बसून राहिलेले, आणि दारातून हा वासाचा माणूस खांद्यावर पोतं घेऊन आत चाललाय. थोड्या वेळानं आईच्या मानेवर, छातीवर लाल चट्टे उठले, ती खाजवू लागली, श्वास जड झाला. पप्पा किंचाळले, "बंद करा ते!" डॉक्टरांनी बंद केलं. एक सुई दिली, स्टुलावर बसून राहिल्या, आईच्या श्वासाकडं बघत. चट्टे फिके झाले. मग त्यांनी तेच औषध पुन्हा सुरू केलं, अगदी सावकाश. पप्पा म्हणाले, "मॅडम, पुन्हा तेच?" "हाव, तेच," त्या म्हणाल्या. "दुसरं नाही आपल्याजवळ. भांडण झालं म्हणून त्याला हाकलून नाही चालत. जरा हळू बोलायला लावायचं." दामिनीनं त्या वाक्याला मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. तिच्या ओळखीची मोठी माणसं एकतर घाबरायची किंवा घाबरलो नाही असं दाखवायची. ही बाई दोन्ही करत नव्हती.

पण संध्याकाळपर्यंत आईला आष्टामोडसुद्धा आठवेनासं झालं. "लातूरहून गाडी सुटली," डॉक्टर म्हणाल्या, आणि आई फक्त म्हणाली, "सुटली." आणि गाढ झोपेत जाऊ लागली. ती झोप साधी नव्हती. लिव्हर अडवत नव्हतं ती घाण मेंदूकडं चालली होती, आणि ही झोप म्हणजे तिची सावली होती. तिला खोल जाऊ द्यायचं नव्हतं. दर थोड्या वेळानं हाक मारायची, ओ येते का बघायचं, बोटाच्या टोकाचं रक्त काढून साखर बघायची. पुढच्या पायरीवर गेली तर घशात नळी घालावी लागेल, डॉक्टरांनी हेही सरळ सांगितलं. पप्पांना बाहेर बसवून त्या म्हणाल्या, "मी हैदराबादला फोन करून ठेवलाय. लिव्हर बदलायची सोय तिथं आहे. गाडी तयार आहे. पण अजून नेत नाही." पप्पांनी शर्टाची बाही वर केली, जणू तिथूनच द्यायचं होतं. "माझं घ्या मॅडम. अर्धं घ्या, सगळं घ्या." "घेऊ, लागलं तर. रक्त जुळतं का तेही बघितलंय, जुळतं. पण तिचं स्वतःचं उठून बसतंय का, ते आधी बघायचं." रक्त गोठायला लागणारा वेळ, तो आकडा म्हणजे लिव्हरचं बोलणं, असं त्या म्हणाल्या. पप्पांनी कुठूनसं ऐकलेलं, बाहेरचं रक्तपाणी चढवलं की आकडा सुधारतो. ते विनवू लागले. "सुधारतो," डॉक्टर म्हणाल्या. "पण मग बोलणारं ते उसनं रक्त असतं, तुमची बायको नसते. रक्तस्राव झाला तर एका मिनिटात देईन. तोवर मला तिचं खरं उत्तर ऐकायचंय." "आणि उत्तर वाईट आलं तर?" "तर निघायचं." "वाचेल का?" "मला म्हाईत नाही अजून," डॉक्टर सुमय्या म्हणाल्या. किती माणसांना हे वाक्य बोलता येतं? दामिनीला वाटलं, व्यासपीठावर उभं राहून मोठ्या आवाजात बोलणं म्हणजे धीटपणा, असं आपण वर्षभर समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताहेरचाचा रिकाम्या हातानं आले. गाडीवर आईला रोज काहीतरी आणणारा माणूस, आज मुद्दाम काही न आणलेला. पायरीवरच बसले. दामिनी शेजारी जाऊन बसली तर ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "मीबी दिली बेटा. एक दिवस नाही, रोज. बाईसाहेब स्टेअरिंगला हात लावून म्हणायच्या, चाचा, तुमचं बरंय, तुम्हाला धरायला काहीतरी हाय. तर मी हसायचो आन गोळी काढून द्यायचो. माझ्या हातानं." त्यांचे ते हात, गुडघ्यावर उलथे पडलेले, रस्त्यासारखे चिरलेले. तेवढ्यात डॉक्टर पायऱ्या चढत आल्या, पिशवीत डबा, आणि थांबल्या. सगळं ऐकलं असावं. "चाचा," त्या म्हणाल्या, "इथं काय करून राहिलात? आत जा. मी हाक मारते तर ती माझा आवाज ओळखत नाही. तुम्ही मारा." चाचा गेले. बूट बाहेर काढून, टोपी सारखी करून. खाटेशी उभे राहिले आणि गाडी सुरू करायच्या आधी रोज जसे ओरडायचे तसे ओरडले, "बाईसाहेब! मारू का स्टार्टर?" एक नर्स दचकली. आईच्या पापण्या हलल्या. ओठ हलले. आवाज चिरका, पण तिचाच, वैतागलेला, "थांबा की हो जरा. मागं बाया चढून ऱ्हायल्यात."

त्या वाक्यावर पप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. डॉक्टर मात्र हुरळल्या नाहीत; त्यांनी रक्त पाठवलं, वाट पाहिली. आकडा वाढला नव्हता. वर-वर चाललेला तो थांबला होता. "थांबला म्हणजे?" दामिनीनं विचारलं. "म्हणजे अजून काही नाही. पुढचा बघू." पुढचा थोडा उतरला. त्याच्या पुढचा आणखी. त्या उतरत्या आकड्यांकडं बघताना दामिनीच्या मनात कौतुक दाटून आलं, आणि गंमत म्हणजे ते डॉक्टरांचंच नव्हतं. आईच्या त्या न दिसणाऱ्या, तांबूस, मुक्या अवयवाचंसुद्धा होतं. कुणी शाबासकी न देता ते उठलं होतं. सुजलेल्या मनगटांनी रोज गाडीवर जाणाऱ्या बाईचं लिव्हर दुसरं कसं असणार होतं? डॉक्टरांनी हैदराबादला फोन लावला तेव्हा दामिनी शेजारीच होती. "नाही, निघत नाही आम्ही," त्या बोलत होत्या. "हो. आपलं आपणच उभं ऱ्हायलंय." फोन ठेवून त्या एकदम भिंतीला टेकल्या आणि घसरत तिथंच फरशीवर बसल्या. म्हणजे भीती त्यांनाही वाटत होती, सगळा वेळ. त्यांनी दामिनीला बघताना पाहिलं, आणि दोघी हसल्या.

दुपारी आई झोपली. भर दुपार, शेजारच्या खाटेवर नातेवाइकांचा कलकलाट, गल्लीत उसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं, पडद्याच्या फटीतून उन्हाची पट्टी सरळ आईच्या गालावर. दामिनी खाटेशी बसली होती. किती वेळ झाला हाक मारून? ती वाकली, आईच्या कानाशी तोंड नेलं, "आ..." आणि मागून खांद्यावर हात पडला. डॉक्टर सुमय्यांनी आईची नाडी धरली, पापणी वर करून पाहिली. आईनं झोपेतच त्यांचा हात झटकला, कूस बदलली आणि छानपैकी घोरायला लागली.

"उठवू नको," डॉक्टर म्हणाल्या. "ही झोप आहे. झोपू दे तिला."